दारूवाल्यानं दिलेला पत्ता

कुरवंडे,
५ नोव्हेंबर २०२४

चि. संदेश यास अक्काचा जय भीम.

फोनवर तू नुसता हं हं करतोस आणि संध्याकाळी पुन्हा पितोस, म्हणून लिहिते आहे. कागदावर हं करून दाखव.

तुझी बायको महिनाभर माझ्याकडे आहे. तू दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला जाशील तेव्हाच राजेश्वरी तळेगावला परत येईल. नाही तर इथंच लोणावळ्यात काम बघते म्हणते. मी तिच्या बाजूची आहे.

ती मीटिंग शोधत मी वणवण फिरले. दवाखान्यात म्हणाले, पुण्याला जा. मोबाइलवर दिसलेल्या पत्त्यावर गेले तर तिथं चिक्कीचं दुकान. शेवटी डोकं फिरलं आणि तळेगावला येऊन तू रोज पितोस त्याच देशी दारूच्या दुकानात शिरले. गल्ल्यावर हौशीराम होता. तुमच्याकडे यायचे बंद झालेले लोक कुठं जातात, असं त्याला विचारलं. मान वर न करता तो म्हणाला, मंडईमागं हिरवं फाटक हाय मावशी, रविवारी सांजच्याला, माजी लय गिऱ्हाइकं तितंच गेली.

दारूनं तुझ्या दाजींना नेलं तेव्हा असं काही असतं हे मला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालंय. तुला सबब नाही.

लोभाचं मागाहून बघू.

तुझी अक्का,
कस्तुरा


तळेगाव दाभाडे,
११ नोव्हेंबर २०२४

ती. अक्कास संदेशचा जय भीम, वि. वि.

तुझं पत्र पोचायच्या आधी तुझी बातमी पोचली. दुकानात तू संदेशची बहीण म्हणून सांगितलंस. मागं बसलेल्यांनी ते आंबीला जाणाऱ्या कंपनीच्या बसपर्यंत पोचवलं. आता बसमध्ये चढलो की विचारतात, प्रवचनाला निघाले का महाराज. त्या मीटिंगमध्ये कुणाचं नाव बाहेर सांगत नाहीत म्हणे. मी आत पाऊल टाकायच्या आधीच तू माझं नाव बाजारात वाटून आलीस.

तरी काल गेलो. फाटकाशी आमच्या सुपरवायझरची, प्रदीपची मोटारसायकल उभी. त्यानं मला तिथं बघितलं असतं तर नोकरीचं काय? तसाच माघारी फिरलो. मग कुठं गेलो ते विचारू नकोस.

राजेश्वरीला पाठवून दे. घर खायला उठतं.

तुझा भाऊ,
संदेश


कुरवंडे,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. संदेश यास जय भीम.

नाव सांगितलं ही माझी चूक. कबूल. आता तुझं बघू.

राजेश्वरीनं तुला मंडईच्या गटारातून उचलून रिक्षात घातलं, तेव्हा सगळं तळेगाव बघत होतं. तेव्हा लाज वाटली नाही. शुद्धीवर असताना एका फाटकातून आत जायची तेवढी वाटते. दाजीही हेच म्हणायचे, लोक काय म्हणतील. लोक त्यांना पोचवायला आले आणि म्हणायचं ते म्हणालेच. ऐकायला मी होते.

आणि प्रदीपची मोटारसायकल तिथं का होती? तो काय दूध घालायला आला होता?

काल मी स्वतः गेले. घरच्या माणसांची खोली वेगळी आहे. कुणी नाव विचारलं नाही, चहा दिला. तुझ्याबद्दल बोलायचं म्हणून तोंड उघडलं, तर दाजींबद्दलच बोलत सुटले. माणूस जाऊन इतकी वर्षं झाली, पण माझा राग अजून गेला नाही, हे पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. मेलेल्याशी भांडता येत नाही, संदेश. तू आहेस तोवर मी भांडणार.

राजेश्वरी येणार नाही.

कस्तुरा


तळेगाव दाभाडे,
२ डिसेंबर २०२४

ती. अक्कास जय भीम, वि. वि.

मागच्या रविवारी गेलो. प्रदीपनं बाकावर सरकून जागा दिली. कंपनीत त्यानं त्यातलं अवाक्षर काढलं नाही.

बुधवारी प्यालो. लिहायला नको वाटत होतं, पण कागदावर हं कर म्हणाली होतीस.

काल परत गेलो आणि सगळ्यांसमोर तेही सांगितलं. वाटलं, आता झापतील. पुढच्या रविवारी ये, एवढंच म्हणाले. ते जास्त लागलं.

राजेश्वरीला आत्ताच पाठवू नकोस. हे पत्र तिला वाचून दाखव. बुधवारचंही वाच, गाळू नकोस.

तिथं रागावणारं कुणी नाही, अक्का. ते काम तुझं. राग आहे तो असाच असू द्यावा.

तुझा,
संदेश