राजनंदिनी कोण, असं अमेरिकेचं सरकार विचारतं

घडियाळी पोळ, बडोदे
मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार

तीर्थस्वरूप दिनकरदादास,

धाकट्या बहिणीचा, प्रेमलाचा, वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत, वहिनींचा खोकला थांबला का, इंदुरात थंडी किती, सगळं विचारायचं आहे, पण आधी या आठवड्यात काय काय आलं ते लिहिते. एक, तुला धाडलेलं माझंच स्पीड पोस्ट, न उघडता, वर 'घेण्यास नकार' (सत्तेचाळीस रुपये पाण्यात). दोन, माझ्या मितालीच्या लग्नाचे फोटो, अमेरिकेच्या कागदपत्रांसाठी नव्याने छापून, तीनशे रुपये. पहिलं तसं परत आलं, म्हणून या पाकिटावर पत्ता ह्यांच्या हातचा घातला आहे. मेहुण्याचं पत्र तरी तू परत करणार नाहीस.

जावई समरजित जन्मापासून अमेरिकन, तिथल्याच फौजेत, आणि नेमणूक जर्मनीत, हे तुला ठाऊक आहे. मितालीला दिवस गेले आहेत हे ठाऊक नाही. (फोन उचलला असतास तर पेढ्यांच्या आधी कळलं असतं.) आता चैत्रात समरजितला अशा ठिकाणी धाडणार आहेत जिथे बायको नेता येत नाही. पोरगी ग्रीन कार्डावर आहे, आणि ते कार्ड घेऊन अमेरिकेबाहेर फार राहिलं की ते कार्डच धोक्यात. पण सरकारी हुकमाने नवऱ्याबरोबर परदेशात राहणाऱ्या फौजी माणसाच्या बायकोला तिथूनच अमेरिकेची नागरिक होता येतं, अशी सवलत आहे. म्हणजे जे व्हायचं ते चैत्राच्या आत. नाहीतर परक्या मुलखात, भरल्या पोटाने, धड इकडची नाही धड तिकडची नाही. आपले पणजोबा गायकवाडांच्या पागेत होते. ते मोहिमेवर गेले तेव्हा पणजीला कोणी विचारलं होतं का, बाई गं, तू कुठली?

आणि अडलं कशावर? तांदळावर! पासपोर्टात नाव मिताली. लग्नाच्या दाखल्यावर राजनंदिनी. कारण विहीणबाईंनी ताटात तांदूळ पसरून समरजितकडून अंगठीने नवं नाव लिहवलं ते लिहवलं, वर दाखल्याच्या अर्जातही तेच भरलं. आता अमेरिकन अधिकारी समरजितला अगदी सभ्यपणे विचारतो, की मिताली तुमच्या पत्नी असतील तर राजनंदिनी कोण, आणि त्या सध्या कुठे राहतात? सोन्यासारख्या जावयाच्या गळ्यात दोन बायका! बिचाऱ्याने ताट, तांदूळ, अंगठी सगळं समजावलं, तर म्हणे तो तांदूळ पुरावा म्हणून जपून ठेवला आहे का. (त्याची दुसऱ्या दिवशी खीर केली. अन्न कोण टाकतं?)

मग मी प्रतिज्ञापत्र करायला खंडेराव मार्केटजवळच्या एका नोटरीकडे गेले. कागद बघून म्हणतो, "बेन, आ तो बे जण छे." मी म्हटलं, "भाऊ, एकच आहे. मी जन्माला घातली आहे, मला मोजता येतं." शिक्का मारला मेल्याने, पण चेहरा पोलिसाला बोलावल्यासारखा. ते प्रतिज्ञापत्र पोचलं, तर तिकडून निरोप, की आई आईसारखंच बोलणार, नाव बदलताना प्रत्यक्ष पाहिलेलं आणखी एक रक्ताचं माणूस हवं. आता आपल्याकडची सगळी मंडळी तेव्हा पंगतीला बसली होती. ह्यांनासुद्धा जिलबी दिसली की दुसरं काही दिसत नाही. ताटाशी उभी मी, आणि दुसरा तू.

आणि काय उभा होतास! "माझ्या भाचीचं नाव खोडायला ती काय पाटी आहे?" म्हणून ओरडलास. विहीणबाईंना "तुमचंच बदला आधी" म्हणालास. हे नाव जन्मात तोंडातून काढणार नाही अशी शपथ घेतलीस आणि न जेवता, पोरीला आशीर्वाद न देता, स्टेशन गाठलंस. पाठवणीच्या वेळी ती रिकाम्या खुर्चीकडे बघत होती. मला विहीणबाईंचा राग आहे, त्या अधिकाऱ्याचा आहे, नोटरीचाही आहे, पण सगळ्यात जास्त तुझा आहे. आणि तो जाणार नाही, अंबामातेला सांगून ठेवलं आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी बहीण,
प्रेमला

ता. क. प्रतिज्ञापत्राचा मसुदा सोबत घातला आहे. तिथल्या नोटरीसमोर सही कर. त्या दिवशी जे झालं तेच लिहायचं आहे, तुझं बोलणं वगळून. 'माझ्या डोळ्यांदेखत मितालीची राजनंदिनी केली' हे वाक्य मात्र गाळू नकोस. शपथ तोंडाची होती, लेखणीची नव्हती. देवळातल्या महाराजांना विचारलं, दोष लागत नाही म्हणाले.

ता. क. दुसरा. मिताली सांगते की काम झालं तर नागरिकत्वाचा कागद पासपोर्टातल्या नावानेच मिळतो, म्हणजे मिताली. राजनंदिनीला अमेरिकेत जागा नाही. तुझ्या एका सहीने तुझं भांडण तूच जिंकतोस, आणि तेही परक्या सरकारच्या शिक्क्याने. विहीणबाईंना हे अजून माहीत नाही. आज माझा उपास आहे, म्हणून मी आपण होऊन काही बोलत नाही. नोटरीकडे कधी जातोस ते उलट टपाली कळव.