पिशवी लावून पहिली फेरी

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण परवा तलावावर तुमची फार आठवण आली. मूल शाळेत जायला लागल्यावर मी तुमच्याकडे पोहायला शिकायला आले होते. तुम्ही शिट्टी घेऊन काठावर उभ्या आहात, मी कठडा सोडत नाहीये, आणि तुम्ही म्हणताय, "अहो, कठडा महापालिकेचा आहे, घरी न्यायचा नाहीये. सोडा!" सगळ्या बायका हसल्या. मी चिडून हात सोडला आणि चक्क तरंगले.

गेल्या वर्षी मला मूत्राशयाचा कॅन्सर झाला. मूत्राशय काढावंच लागणार होतं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दोन मार्ग समजावले. आतड्याच्या तुकड्यातून वाट करायची, म्हणजे लघवी पोटावरच्या छिद्रातून बाहेरच्या पिशवीत येते. नाहीतर आतड्याचंच नवं मूत्राशय आत बसवायचं. पण ते रिकामं करायला नव्याने शिकायचं, रात्री गजर लावून उठायचं, कधी नळीही घालावी लागते. हे लगेच म्हणाले, "आतलंच बरं. कोणाला कळणार नाही."

"अहो, पण उठायचं मला आहे," मी म्हटलं. मग डॉक्टरांना विचारलं, "पिशवी लावून पोहता येईल?"

"जखम नीट भरली की खुशाल पोहा."

मी पिशवी निवडली. यांना ते पटलं नाही. पण ऑपरेशननंतर नर्सकडून पिशवी बदलायला माझ्याआधी हेच शिकले, आणि आता मलाच सूचना देतात.

तरी परवा तलावावर जाताना भीती वाटत होती. पिशवी सुटली तर? बायका पाण्यातून उठून गेल्या तर? कपडे बदलताना शेजारच्या बाईंनी विचारलंच, "हे काय हो?" मी सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं. जरा माझी किल्ली धरता का?" मला इतकं हसू आलं की भीती तिथेच संपली. पिशवी रिकामी केली, कडा दाबून पाहिल्या, पाण्यात उतरले. पाणी गार होतं. पूर्ण फेरी मारली, बाई! दम लागला, पण पिशवी जागची हलली नाही. हे काठावर उभे राहून टाळ्या वाजवत होते, लोक बघत होते तरी.

हे पत्र टाकणार कुठे? खणातच राहील. म्हणून तुम्हाला सांगते. या पोहण्यासाठी मी नवा पोशाख घेतला, केशरी, मोठ्या फुलांचा. दुकानात काळा नव्हता असं यांना सांगितलंय. होता.