विंगेत अडलेलं वाक्य

ताई,

तुला आता वाचता येत नाही, म्हणूनच लिहितेय.

त्या छोट्या नाटकात तू थोरली बहीण होतीस, मी विंगेत प्रॉम्प्टर. शेवटच्या प्रयोगात तू नाटकातल्या धाकटीसमोर अडलीस. वाक्य होतं, "आईचं आजारपण तुझ्या गळ्यात टाकून मी गेले, माफ कर." आपल्या घरीही तसंच झालं होतं. तू माझ्याकडे पाहिलंस. मी मुद्दाम गप्प राहिले; मला ते तुझ्या मनातून आलेलं ऐकायचं होतं. लोक हसले, पडदा पाडावा लागला. तुझ्या विसरण्याचं कारण डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

काल तुझे केस विंचरताना मला रडू फुटलं. तू म्हणालीस, "रडू नका हो बाई. माझी धाकटी येईलच, ती काढेल तुमची समजूत."

तुझी,
धाकटी