गुडघ्यांना धक्का न लागता

बुलढाणा, १६ नोव्हेंबर १९६४, सोमवार

आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. प्रकृतीची नोंद राहावी एवढाच हेतू.

थंडी पडू लागली. कचेरीचा चढ चढताना दम लागतो. डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी छाती पाहिली, पाठ ठोकली, जीभ पाहिली. म्हणाले, वामनराव, तुम्हांला काही झालेलं नाही, सकाळी घराबाहेर पडून चालत जा. मी म्हणालो, गुडघे दुखतात. ते म्हणाले, मग गुडघ्यांना धक्का बसेल असं काही करू नका.

यांतलं दुसरं वाक्य महत्त्वाचं. चालताना पावलागणिक धक्का बसतोच. तेव्हा घरच्या घरी, धक्का न देणारं एखादं साधन घ्यावं, असंच डॉक्टरांचं मत दिसतं.

पत्नी शकुंतला आषाढात गेली. तिच्या जाण्याचा आणि दम लागण्याचा संबंध नाही. हे डॉक्टरांनाही सांगितलं. त्यांनी विचारलं नव्हतं.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

साधनांचा विचार. जोर-बैठका: बाद, गुडघे. दोरीवरच्या उड्या: बाद, गुडघे, शिवाय वय. योगासनं: बसता येतं, उठता येत नाही. बाद.

संध्याकाळभर या खोलीतून त्या खोलीत फिरत विचार केला. शरयू म्हणाली, बाबा, हे चालणंच झालं की. तिला म्हणालो, विचार करताना होतं ते चालणं धरत नाहीत.

२२ नोव्हेंबर, रविवार

अनंत आला होता. शकुंतलेचा धाकटा भाऊ. वरवट बकालला शेती बघतो. कामापुरतं बोलत नाही, कामाच्या बराच पलीकडे बोलतो.

विषय शरयूचाच. धाडच्या रामरावांचा उद्धव, शाळेत मास्तर आहे, तो जूनमध्ये पाहून गेला होता. पसंती होती. मग आषाढ आला आणि बोलणी राहिली. अनंत म्हणाला, भाऊजी, घरात असं झाल्यावर वर्षाच्या आत उरकलं तं उरकलं, नाही तं मंग तीन वर्ष थांबा लागते. पोरगी पंचवीसची होईन. रामराव काही तीन वर्ष वाट पाहत बसून नाही राहणार.

मी म्हणालो, प्रकृती सुधारली की स्वतः धाडला जातो. अनंत म्हणाला, प्रकृतीले काय झालं, बरे तं दिसून राह्यले. मी म्हणालो, दिसण्यावर जाऊ नको, गुडघे आतून दुखतात. मग तो म्हणाला, त्याहिले एकच गोष्ट खुपते. बाप एकटा हाय, पोरगी लग्न झाल्यावरही सारखी माहेराले पयत येईन. उद्धवच्या मायनं तं तोंडावर म्हटलं मले.

रामरावांना ही शंका यावी हे योग्यच आहे. विचारी माणूस दिसतो. घाई नको. संक्रांतीनंतर नक्की काय ते सांगतो म्हणालो.

शरयू दाराआड उभी होती. नंतर तिने चहा केला. साखर दोनदा पडली होती. 

२९ नोव्हेंबर, रविवार

साधन ठरलं. मुद्गल. तालमीतल्या पुंजाजीने सुचवलं. म्हणाला, साहेब, पायाचा संबंधच नाही, उभं राहा अन् खांद्यावरून फिरवा, बापाचं नाव घेत. घरात वर्ष पाळतो आहोत, नवी वस्तू आणत नाही. पण मुद्गल उसने आहेत, त्यामुळे हरकत नाही.

मागच्या खोलीत सुरुवात केली. प्रोग्रेस चांगला. मात्र खोलीचा बल्ब फुटला.

३ डिसेंबर, गुरुवार

मुद्गल ओसरीत हलवले. तिथे जागा आहे आणि बल्ब नाही. शेजारच्या पुष्पाबाई कुंपणावर गोधडी वाळत घालत होत्या. शरयूला म्हणाल्या, तुह्या बाबाले कोणावर राग आला बापा? शरयू म्हणाली, थंडीवर.

मुलीने शेजाऱ्यांशी एवढं बोलू नये. शकुंतला असती तर हसली असती, हा भाग वेगळा.

५ डिसेंबर, शनिवार

खांदा अवघडला. मुद्गल परत. पुंजाजी म्हणाला, काऊन साहेब, हवेनंच थकले काय? साधन चुकीचं होतं. मनुष्य तोच आहे.

८ डिसेंबर, मंगळवार

वर्तमानपत्रात जाहिरात. स्प्रिंगांचा चेस्ट एक्स्पांडर. घरबसल्या, सांध्यांना त्रास न होता, छाती रुंद आणि मन प्रसन्न. पार्सल व्ही.पी.ने येतं.

अडचण: ही नवी वस्तू. मार्ग काढला. पार्सल कचेरीच्या पत्त्यावर मागवायचं, तिथे चार लोकांनी वापरलं की ते जुनं होतं. मग घरी आणायला प्रत्यवाय नाही. शरयूला हा मुद्दा समजावला. ती म्हणाली, बाबा, तुम्ही वर्ष इतकं पाळता, मग वर्षाच्या आतलं ते दुसरंही पाळायचं ना.

कोणतं दुसरं ते मी विचारलं नाही. 

२१ डिसेंबर, सोमवार

पार्सल आलं. कचेरीत सगळ्यांनी ओढून पाहिलं. चपराशाने एका दमात कानापर्यंत ताणलं. दुपारपर्यंत पुरेसं जुनं झालं. संध्याकाळी पिशवीत घालून घरी आणलं.

उद्यापासून रेग्युलर.

२४ डिसेंबर, गुरुवार

आज आरंभ. थंडी फार. पण सूचनापत्रात छाती उघडी ठेवा असं असल्याने सदरा काढला. ताणताना त्रास नाही. सोडताना स्प्रिंगा एकदम मिटल्या आणि छातीवरचे केस आत अडकले. हात मोकळे नसल्याने हाक मारावी लागली. शरयूने तेल लावून सोडवलं. तिला हसू येत होतं, ते तिने दाबलं. आषाढानंतर पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर असं काही पाहिलं.

असं हसू घरात असलं की बरं वाटतं. पुष्कळ दिवस असावं. म्हणून तिला इथून हलवण्याची घाई नको. अर्थात मूळ कारण गुडघेच.

२९ डिसेंबर, मंगळवार

गुडघ्यांसाठी छातीचं साधन घेतलं हीच चूक. आज लक्षात आलं. खरं साधन घरातच होतं.

सायकल. मी आधी कचेरीत सायकलनेच जात असे. आषाढापासून नेली नाही. निघण्याआधी सीट पुसून ठेवणारं कोणी उरलं नाही म्हणून नव्हे. हवा उतरली होती.

स्टँड विटांवर टेकवून मागचं चाक जमिनीपासून उचलायचं. जागच्या जागी पेडल मारायचं. धक्का नाही, थंड वारा नाही, वाटेत कोणी भेटून चौकशी करत नाही.

३ जानेवारी १९६५, रविवार

सायकल ओसरीत बसवली. मफलर गुंडाळून बसलो. चाक छान फिरतं. याला म्हणतात एक्सरसाइज.

पुष्पाबाई कुंपणाशी आल्या. म्हणाल्या, कुठवर पोचले भाऊ? धाड आलं का? मी म्हणालो, हे प्रकृतीसाठी आहे. त्या म्हणाल्या, हाव, तेच म्हंते मी. प्रकृती कमवाच लागते. वय काही गेलं नाही तुमचं. मग आवाज बारीक करून म्हणाल्या, आमच्या नात्यात एक जनकाबाई हायत, मेहकरच्या. चाळिशीच्या असतीन. बापाचं करता करता लग्न राहून गेलं. सुगरण हायत.

मी म्हणालो, सध्या गरज नाही, स्वयंपाक शरयू करते. त्या म्हणाल्या, शरयू किती दिवस करन?

स्वयंपाकीणबाई सुचवायला इतकी प्रस्तावना कशाला. पेडल वाढवलं. त्या गेल्या. तो प्रश्न मात्र संध्याकाळपर्यंत कानात राहिला. सायकलवरून उतरलो, पुन्हा बसलो, पुन्हा उतरलो.

९ जानेवारी, शनिवार

कचेरीत माझ्या व्यायामाचा बोलबाला. शिरस्तेदार म्हणाले, वामनराव, गाल भरले तुमचे, आता फेटा शोभेल. बाकीचे हसले. लोकांना प्रगती दिसते आहे. फेटा मी कधी बांधला नाही, पण हेतू चांगला होता.

१४ जानेवारी, गुरुवार

संक्रांत. आपल्याकडे सण नाही. पुष्पाबाईंनी तिळगूळ शरयूच्या हातावर ठेवला, मला दुरून नमस्कार केला आणि हसल्या.

अनंताचा निरोप आला. रविवारी तो रामरावांना घेऊन येतो आहे. मी धाडला जात नाही, म्हणून तेच येतात.

बोलायचं वाक्य तयार केलं: शास्त्राला मान देऊन तीन वर्षं थांबावं असं माझं मत आहे. शरयू ताटं घासत होती. तिला ऐकू जाणार नाही अशा बेताने दोनदा म्हणून पाहिलं. ताटांचा आवाज थांबला, म्हणून तिसऱ्यांदा म्हटलं नाही.

१७ जानेवारी, रविवार, सकाळी

योजना अशी. रामराव येतील तेव्हा मी सायकलवर असावं. माणूस प्रकृतीसाठी एवढा झटतो आहे हे डोळ्यांनी दिसलं की ते लग्नाची घाई करणार नाहीत. कानटोपी आणि मफलर दोन्ही घालावं. आजार असाच दिसतो.

त्याच दिवशी, संध्याकाळी

झालं ते क्रमाने लिहितो.

रामराव ओसरीच्या पायरीशी उभे राहून पाहत राहिले. चाक जरा जास्तच जोरात फिरत होतं. त्यांनी अनंताला विचारलं, रोज करतात का? अनंत काही बोलण्याआधी कुंपणाआडून पुष्पाबाईच म्हणाल्या, रोज, एक दिवस चुकत नाहीत. आधी मुद्गल होते, मंग त्या स्प्रिंगा, आता हे. आमच्या जनकाबाईची गोष्ट मी याहिच्या कानावर टाकून ठेवली हाय.

रामराव बसले. पाणी प्याले. म्हणाले, वामनराव, आता लपवू नका. चोरी आहे का ही? खरं सांगतो, मला एकच धाकधूक होती. बाप एकटा, पोरीचा अर्धा जीव इकडंच राहणार, आमच्या घरात तिचं मन कसं लागणार? उद्धवच्या आईला तर म्हटलं होतं, आज नकार देऊनच येतो. पण तुम्ही तर कंबर कसून तयारीला लागलात. तुमचं घर मांडलं जात असेल तर आमचा प्रश्न मिटला. पोरीचं फाल्गुनात उरकू, मग तुमचं सावकाश करा.

तेव्हा कुठे कानटोपीच्या आत डोक्यात प्रकाश पडला. पुष्पाबाईंची जनकाबाई स्वयंपाकासाठी नव्हती. कचेरीतला फेटाही.

अनंत माझ्या तोंडाकडे पाहत होता. त्याची बहीण जाऊन सहा महिने झालेले. मागे चाक अजून फिरत होतं, मी ब्रेक लावला नव्हता. शरयू चहा घेऊन आली. तिला ठाऊक होतं की यातलं काहीही खरं नाही.  तिने माझ्याकडे पाहिलं नाही, ट्रेमधल्या कपांकडेच पाहत राहिली.

एक नाही म्हटलं असतं तर रामराव उठले असते. तीन वर्षांचं वाक्यही लागलं नसतं. आयतं काम होत होतं.

मी म्हणालो, हो. तसा विचार आहे.

रामराव म्हणाले, वा, मोकळं बोललात. अनंत चहा न पिता उठला. 

असं का म्हणालो, त्याचं कारण एकच. फार वेळ उभं राहून खुलासा करणं गुडघ्यांना सोसलं नसतं.

१९ जानेवारी, मंगळवार

 आज सकाळी कचेरीला निघताना पाहिलं तर सायकल विटांवरून खाली काढलेली, हवा भरलेली, सीट पुसलेली. शरयूला म्हणालो, व्यायामाचा खंड पडेल. ती म्हणाली, येताना परत चढवा.

नेली. चढावर दम लागला नाही. वारं अनुकूल असावं.

११ मार्च, गुरुवार

काल लग्न झालं. मांडव दारातच होता. अनंताला शरयूने सगळं सांगितलं असावं. पंगतीत त्याने मला स्वतः वाढलं, नको म्हणत असताना जिलबी टाकली आणि म्हणाला, खा भाऊजी, तब्येत कमवा लागते तुमाले.  

निघताना शरयू पाया पडली. म्हणाली, बाबा, सकाळी बाहेर चालायला जात जा. पुष्पाबाई म्हणाल्या, काळजी नको करू, याहिचं पाहू आम्ही. सगळे हसले. मीही हसलो. तसं करणं भाग होतं.

बस धाडच्या रस्त्याला लागली. घरी येऊन टाइमटेबल केलं. उद्यापासून पहाटे व्यायाम, नंतर स्वयंपाक, नंतर कचेरी.

१५ मार्च, सोमवार

टाइमटेबल टेंपररी रद्द. भात करपला. सारखं उठून दार पाहतो, कोणी आलेलं नसतं. स्प्रिंगा चपराशाला देऊन टाकल्या.

२८ मार्च, रविवार

रामराव कामाने बुलढाण्यात आले होते. पायरी चढायच्या आधीच विचारलं, काय वामनराव, कुठवर आलं तुमचं? मी म्हणालो, चालू आहे. सायकल विटांवर चढवली आणि बसून दाखवलं.

त्यांनी ओसरीत बसून चहा घेतला. चहा पुष्पाबाईंनी पाठवला होता. म्हणाले, पोरगी रमली. आमच्या हिनं म्हटलं, माहेरी जाऊन ये चार दिवस. तर म्हणते, घाई नाही, बाबांचं आता नीट चाललंय. उद्धवची आई तर गावभर सांगू लागली, सून असावी तर अशी.

मी बरं म्हणालो. पेडल थांबवलं नाही.

रामराव गेले. कोपऱ्यापर्यंत दिसत होते आणि मागे वळून हात करत होते, म्हणून पाय चालू ठेवले. ते वळले. मग उतरणार होतो, पण उतरून आत काय करायचं ते ठरेना. चालूच ठेवली. अंधार पडला तेव्हा पुष्पाबाईंनी विचारलं, भाऊ, अजून नाही का पोचले?

गुडघ्यांना कसलाही त्रास नाही.