दुसरी तर्री कोण मागतं

३ नोव्हें., सोम.
पोह्याच्या प्लेटा नव्वदच्या वर. दुसरी तर्री (दु. त.) फक्त ११. "भाऊ, अजून तर्री टाका" म्हणणारेच गळाले. दिवाळीआधी हा आकडा चाळिसाच्या खाली जात नव्हता. भुकेला माणूस पहिली प्लेट कोणाचीही खातो. दुसऱ्यांदा तर्री मागतो तो चवीसाठी. म्हणून मी गल्ल्यापेक्षा हेच मोजतो.
पावसाळ्यातल्या तापानंतर जीभ गेली आहे. मीठ, मिरची, काहीच कळत नाही. हाताच्या अंदाजाने रेटतोय. हे कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोला, सुनंदालासुद्धा नाही. नालवाडीत बातमी फुटली तर गाडी संपली. सुनंदा भाऊबीजेला हिंगणघाटला माहेरी गेली, अजून तिकडेच.

४ नोव्हें., मंगळ.
दु. त. ९. समोर नवीन गाडी लागली आहे. मालक माझ्याकडे बघून हसतो. कशाला? माझं गिऱ्हाईक फोडतोय, की कुठून काही कळलंय...

६ नोव्हें., गुरु.
दु. त. ३८! मी तर काहीच वेगळं केलं नाही. आनंद व्हायचा सोडून आकडा पुन्हा मोजला.
रिटायर गुरुजी रोज पहिल्या प्लेटीला हजर असतात. म्हणाले, "आज जमली बाप्पा. मंधात काय झालतं तुले?"
"मंग सांगतलं काऊन नाई गुरुजी?"
"अन्नाले नाव ठेवू नाई."
म्हणजे इतके दिवस सगळे मुकाट गिळत होते! असल्या संस्कारांनी माझा धंदा बुडायचा.

८ नोव्हें., शनि.
दु. त. ४०. महिन्याचे आकडे घेऊन बसलो. सुनंदा गेली त्या दिवसापासून पडले. बुधवारी ती परत आली, गुरुवारपासून चढले. समोरच्या गाडीवाल्याचा संबंधच नाही, उगाच त्याला शिव्या घातल्या.
पहाटे तर्री मंद आचेवर ठेवून मी आंघोळीला जातो. तेव्हा पातेल्यापाशी तीच असते.
"तू तर्रीले हात लावतं का?"
"मी काऊन लावू? तुमची तर्री तुमचीच."
कणीक मळत होती. मान वर केली नाही. संशय बळावला.

११ नोव्हें., मंगळ.
सापळा लावला. मीठ मुद्दाम टाकलंच नाही. आंघोळीला वेळ काढला. बाहेर आलो तर सुनंदाबाई अंगण झाडून राहिल्या होत्या. झाकण जागेवर, मिठाचा डबा जागेवर. चाखून पाहिलं. माझ्या जिभेला काय डोंबल कळणार!
गाडी लावली. आज बिनमिठाचं निघालं तर तोंड दाखवायला जागा नाही. पहिली प्लेट गुरुजींना दिली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्यांनी प्लेट पुढे केली. "टाक अजून."
दु. त. ४१.
आधी रागच आला. हिला सगळं माहीत आहे आणि महिनोन्‌महिने एक शब्द नाही. मी तिच्यापासून लपवतो, ती माझ्यापासून. गाडीमागे बसून मग डोळे पुसले. लोकांना सांगितलं, कांदा झोंबला.

१२ नोव्हें., बुध.
पहाटे तर्रीला उकळी आली तशी सुनंदा चुलीपाशी येऊन उभी राहिली.
"वहिनीचे दिवस भरत आले. मले परत जा लागते, महिनाभर तरी."
खरंच भरत आले, की माझी परीक्षा बघून राहिली आहे? भाऊबीजेला वहिनीचं काही बोलली नव्हती.
"जमन ना तुमचं एकट्याचं?" आज मात्र सरळ डोळ्यांत बघत होती.
जीभ गेली आहे, एवढंच म्हणायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं.
"पाहू," म्हणालो.
ती हलली नाही. वाट बघत तशीच उभी. मी टॉवेल उचलून आंघोळीला गेलो. आज मीठ टाकलंय की नाही, तेही तिला सांगितलं नाही.