घराला मातीचा रंग

॥ श्री ॥

निमगाववाडी, ता. शिरूर कासार
दि. १४ मे २००४

चि. सौ. छबूस वहिनीचा आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहेत. तुमच्याकडेही बरे असतील असं धरून चालते, कारण विचारायची सोय दोन्ही घरांनी ठेवलेली नाही. धारूरकडचं कुणी बाजारात भेटलं की मी आडून आडून तुझी चौकशी करते. "लेकराबाळांत सुखी हाय," एवढं ऐकायला मिळतं. तेवढ्यावर भागवते.

पत्र बघून तुला नवल वाटेल. फोन केला असता, पण आपला एसटीडी बूथ दूध संस्थेच्या भिंतीला लागून आहे. तिथं कितीही हळू बोललं तरी दूध घालायला आलेल्या अख्ख्या गावाला ऐकू जातं. शिवाय तिकडून आपल्या जावयांनीच, पंडितरावांनीच उचलला असता तर मी बोलणार काय? दूध संघाच्या निवडणुकीत तुझे दादा एका पॅनेलात, पंडितराव दुसऱ्या पॅनेलात, पडले दोघंही. ज्या दोन पुढाऱ्यांपायी आपल्या घरांचं येणं-जाणं तुटलं, ते आता एकाच सोफ्यावर बसून हार घालून घेतात. आपले दोघे मात्र अजून फुगलेलेच. शहाण्यांनी भांडण मिटवलं, येड्यांनी सांभाळून ठेवलं.

पाण्याचं काही विचारू नकोस. टँकर आला तर आला. ऊसतोडीला गेलेली माणसं परत आली, त्यामुळं विहिरीवर गर्दी वाढली आणि भांडणंही. जनावरं छावणीला नेऊन बांधलीत, दादा रोज तिकडे जाऊन येतात. आत्याबाईंच्या, तुझ्या मायच्या, दुधापुरती एक गाय तेवढी घरी ठेवली आहे.

आता मोठी बातमी. आपल्या नव्या घराला मी रंग दिला. बैठकीला, मधल्या खोलीला, स्वयंपाकघराला, देवाच्या कोनाड्याला, न्हाणीलासुद्धा. सगळीकडे एकच रंग, मातीसारखा तपकिरी. आपल्या जुन्या घराला तुझी माय पोतारा द्यायची ना, ती भुरी माती कालवून, अगदी तसा. गावात मला येडी ठरवून झालं आहे. "सिमेंटचं घर बांधलं अन् वरून माती फासली," असं बाया म्हणतात. म्हणू देत.

तू नवं घर पाहिलंच नाहीस. जुनं पाडून त्याच जागी बांधलं. दादांनी हौसेनं भिंती पांढऱ्याशुभ्र करून घेतल्या, निळीची झाक मारून. वास्तुशांतीला आलेल्या माणसांचे नुसते डोळे दिपले. तुझं नाव काढलं नाही कुणी, पण ताटं वाढताना आत्याबाईंनी एक पान जास्तीचं मांडायला लावलं होतं. असो.

आत्याबाई त्या घरात रमल्याच नाहीत. पहिल्यांदा वाटलं, नवी जागा आहे, सवय होईल. मग एक दिवस सकाळी बघते तर लुगडं, कंगवा, पितळी तांब्या असं सगळं फडक्यात बांधून खाटेवर बसलेल्या. मला म्हणतात, "सिस्टर, आमाला सुट्टी कधी हाय?"

मला आधी काही कळेना. मग उमगलं. छबू, त्यांना पांढऱ्या भिंती म्हणजे अंबाजोगाईचा दवाखाना वाटत होता. तुझ्या आबांच्या शेवटच्या आजारपणात त्या तिथं खाटेखाली झोपायच्या, तुला आठवत असेल. आबांना काही सुट्टी मिळाली नाही. त्या वाट बघतच राहिल्या, आणि आता म्हातारपणी पुन्हा तिथंच जाऊन बसल्या. रोज सकाळी गाठोडं बांधायचं, रोज विचारायचं, "कावून ठिवलंय मला हितं? मी तर बरी झाले."

शिरूरच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, वयामुळं आठवणींची सरमिसळ होते, औषध देतो, पण फार उपयोग होईल असं सांगत नाही. त्यांचा दवाखानाही पांढराच. तिथं मात्र आत्याबाईंनी निक्षून सांगितलं, "मी पाहुनी आलेय, माजा दवाखाना दुसरा हाय."

मी दादांना रंगाचं सुचवलं तेव्हा ते भडकले. "मान्सांला प्यायला पानी न्हाई अन् ही भिंतींला पाजतीय! लोकं मातीतून शिमिटात येतेत, तू शिमिटाला मातीत घालतीस." त्यांचंही चूक नव्हतं. पण एका संध्याकाळी ते छावणीवरून आले, अंगात तोच पुढारी-छाप पांढराफेक शर्ट. आत्याबाई खाटेवरून उठल्या, पदर डोक्यावर घेतला, हात जोडले आणि म्हणाल्या, "डाक्टरसायेब, लेकरावानी हात जोडते, सोडा आता आमाला."

दादा तसेच मागं फिरले. जाऊन गाईपाशी उभे राहिले. त्या दिवसापासून ते घरात पांढरा शर्ट घालत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी बंकटला घेऊन आले ते स्वतःच. बंकट म्हणजे तोच, निवडणुकीत भिंतींवर चिन्हं काढणारा. दोन्ही पॅनेलांची चिन्हं त्यानंच काढली होती, त्यामुळं त्याचं कुणाशी वाकडं नाही.

पाण्याची सोय मी केली. भांडी विसळलेलं, तांदूळ धुतलेलं पाणी फडक्यानं गाळून पिंपात साठवलं. भिंतींनी तक्रार केली नाही. बंकटनं मोठ्या अक्कलहुशारीनं चुन्यात गेरू कालवला आणि बैठक रंगवून काढली. वाळल्यावर झाली गुलाबी! आत्याबाई बाहेर आल्या, चारी भिंती निरखल्या आणि विचारलं, "कुनाचं लगीन हाय?" दिवसभर हळदीची वाट बघत बसल्या. आम्ही हसलो गं, खोटं कशाला सांगू. पुष्कळ दिवसांनी या घरात हसणं झालं. दादासुद्धा हसले.

मग मी गोठ्याकडं गेले. जुन्या घराच्या भिंतीचा एक तुकडा तिथं अजून उभा आहे. त्याचं ढेकूळ काढून बंकटच्या हातात दिलं आणि म्हटलं, असा कर. त्यानं थोडा काळा, थोडा पिवळा घालत घालत तो रंग गाठला. आधी आत्याबाईंचीच खोली रंगवली, म्हटलं पाणी वाचेल. पण त्या खोलीतून निघून स्वयंपाकघरात आल्या, तिथली पांढरी भिंत दिसली आणि मला म्हणतात, "सिस्टर, गोळी देता ना?" तेव्हा ठरवलं, घरात पांढरं म्हणून काही ठेवायचं नाही.

गाईची धार काढायची वेळ झाली. उरलेलं उद्या लिहिते.

दि. १५ मे

काल धारेचं निमित्त करून उठले खरी, पण गाय काही एवढं दूध देत नाही. जे सांगायचं ते लिहायला हात होत नव्हता, म्हणून उठले.

रंग दिल्यावर दुसऱ्या सकाळी आत्याबाईंनी गाठोडं बांधलं नाही. उठल्या, भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "यंदा पोतारा ब्येस बसलाय." आबांचं विचारलं नाही. स्वतःच म्हणाल्या, "रानात गेले असतेल." एवढं सगळं चांगलं झालं.

पण रंगाच्याही आधीपासून एक गोष्ट चालू आहे. मी नेहमीच सिस्टर नसते. दुपारी त्या शांत असल्या की मला "छबू" म्हणतात. पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा मी सांगायला हवं होतं, आत्याबाई, मी मनकर्णा. मी "काय गं माय?" म्हणाले. माझी माय मी पाळण्यात असतानाच गेली, तुला ठाऊक आहे. हा शब्द कुणाला हाक मारायला माझ्या तोंडी कधी आलाच नव्हता. तो आला, आणि मला तो परत घेववेना.

त्या माझ्या डोक्याला तेल लावतात. फार शिकलीस, आता पुरे, म्हणतात. सातवीच्या माझ्या शिक्षणाला एवढा मान कुणी दिला नव्हता. साय काढून ठेवतात आणि पदराखालून वाटी पुढं करतात, "घे, खा बिगीबिगी. तुज्या वहिनीला दिसू देऊ नको." आणि मी ती साय माझ्यापासून लपवून खाते. हसू नकोस. हसलीस तरी चालेल.

त्या सासू म्हणून वाईट नव्हत्या. पण या घरात आल्यापासून त्यांनी मला कामाशिवाय हाक मारल्याचं आठवत नाही. म्हणून तुला पत्र लिहायला मी इतके दिवस लावले. निवडणुकीचं, दादांच्या रागाचं नाव सांगत होते, खरं कारण हे. तू आलीस की माझी माय जाईल, ही भीती होती. लिहून टाकलं, बरं वाटलं.

आता मात्र वेगळंच झालंय. घर मातीचं झालं आणि त्यांना घर ओळखू आलं, तेव्हापासून त्या घरातली माणसं मोजायला लागल्यात. परवा मला जवळ बसवून विचारलं, "छबू, तुजी वहिनी कुटं हाय? लई दिस झाले, दिसली न्हाई."

मी म्हटलं, "रानात गेलीय."

"रोजच रानात? रुसून माहेरी गेली का? तुमी कुनी बोललाव का तिला?"

"न्हाई गं माय, कुनी न्हाई बोललं."

"ती तर माहेरालाबी जात न्हाई, तिला हाय कोन तिकडं. माज्या मनकर्नाला घिऊन ये. तिच्याबिगर मला या घरात चैन पडत न्हाई."

छबू, मी तिथं त्यांच्या मांडीला मांडी लावून बसलेली होते.

परवापासून त्या जेवत नाहीत. वहिनी आल्यावर तिच्या हातचं खाईन म्हणतात. "छबू"च्या हातून कसंबसं घासभर घेतात आणि दाराकडं बघत बसतात. काल मी शेवटी मागच्या दारानं बाहेर पडले, डोक्यावरून पदर घेतला आणि पुढच्या दारातून आत आले. पायाला हात लावून म्हटलं, "आत्याबाई, मी आले." त्यांनी निरखून बघितलं. म्हणाल्या, "छबे, म्हाताऱ्या मायची थट्टा करतीस व्हय?"

दादांनी हे सगळं पाहिलं. ते तुला पत्र लिहिणार नाहीत, त्यांची ताठ मान तुला माहीत आहे. पण आज सकाळी पोस्टाचं पाकीट त्यांनी आणून माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाले, "पंडितरावांलाबी म्हनावं या. जुनं काय काडायचं न्हाई." पंडितरावांना हे वाक्य जसंच्या तसं वाचून दाखव.

मी तुझी जागा घेऊन बसले आहे, म्हणून माझी जागा रिकामी दिसते. तू ये. आधी तू आत जा आणि त्यांच्याजवळ बस. त्यांनी तुला छबू म्हटलं की मग मी बाहेरून येते.

तुझी, आणि सध्या घरी नसलेली,
वहिनी मनकर्णा