मी अटी वाचल्या आहेत

सोमवार, ३ मार्च
मीटिंगमध्ये डॉक्टरबाईंनी विचारलं, पेशंटच्या पत्रांना उत्तरं लिहायला आपण जे एआय वापरतो, त्याच्या अटी कुणी वाचल्यात का. मी म्हणालो, मी. मॅनेजरने असंच म्हणायचं असतं. मग शुक्रवारी पाच वाजता सगळ्यांना समजावून सांगा, म्हणाल्या. दातांचा दवाखाना आहे, कोर्ट नाही. पण असो. एक्केचाळीस पानं. रोज दहा. उरलेलं एक चहा पिता पिता.

मंगळवार, ४ मार्च
पहिलं पान वाचलं. 'तुम्ही', 'आम्ही' आणि 'सेवा' म्हणजे काय ते कळलं. पाया पक्का झाला की बाकीचं आपोआप कळतं. दुपारी डोळ्यांना विश्रांती.

बुधवार, ५ मार्च, दु. ३.१०
डोकं चालवलं. एआयलाच म्हटलं, तुझ्या अटी थोडक्यात सांग. पाच ओळींत सांगितल्या. माहिती सुरक्षित, काळजी नसावी. ज्याच्या अटी त्यालाच विचारलेलं बरं. प्रिंट काढून लॅमिनेट केली.

गुरुवार, ६ मार्च
रिसेप्शनवरच्या काकूंनी डबा खाता खाता मोबाइलवर अटी वाचल्या. सगळ्या! काही माणसांना वेळ जाता जात नाही. त्यांचं म्हणणं: आपल्या खात्यात टाकलेला मजकूर कंपनी एआयला शिकवायला वापरू शकते, तिथली माणसंही तो वाचू शकतात. दुसऱ्याची खासगी माहिती टाकायची तर परवानगी आपण घ्यायची. उत्तर बरोबर आहे का, तेही आपणच तपासायचं. मग एआय करतं काय?
परवानगी घेतली होती ना, काकूंनी विचारलं. म्हटलं, प्रश्नच नाही. खरोखरच तो प्रश्न कधी डोक्यात आला नव्हता. जानेवारीपासून बासष्ट पत्रं टाकलीत. नावानिशी.

संध्या. ६
सेटिंग्जमधलं 'शिकवण्यासाठी वापरा' बंद केलं. सुटलो.

संध्या. ६.०५
काकू म्हणतात, ते आजपासून लागू. मागचं नाही.

शुक्रवार, ७ मार्च
घसा बसल्याचं सांगितलं. डॉक्टरबाईंनी लगेच खुर्चीत बसवून तोंड उघडायला लावलं. घसा ठणठणीत. दाढ किडलेली. तोंडात कापूस, ओठात नळी, डोळ्यांवर दिवा. तेवढ्यात म्हणाल्या, पेशंटच्या परवानग्या आहेत ना सगळ्या? मी म्हणालो, आं. छान, म्हणाल्या. उठून जायची सोय नव्हती. याला खोटं बोलणं म्हणत नाहीत. मी बोललोच कुठे? समजावून सांगणं सोमवारवर गेलं, हा फायदाच.

शनिवार, ८ मार्च
कवळी बसवून घेतलेल्या निवृत्त शिक्षिका आल्या. आमच्या उत्तराचा कागद पुढे धरून विचारलं, हे कुणी लिहिलं? मी म्हणालो, मीच, अगदी मनापासून. तेवढ्यात डॉक्टरबाई बाहेर आल्या. शिक्षिकाबाईंनी तो कागद आणि आपल्या पत्राची प्रत त्यांच्या हातात दिली.
बाईंचं पत्र: नवी कवळी लावल्यापासून विस्मरणाचा आजार असलेला नवरा मला ओळखत नाही, परकी बाई घरात शिरली म्हणून ओरडतो, जुनी कवळी परत मिळेल का?
आमचं उत्तर: अभिनंदन! तुमच्या नव्या हास्याने घरचेही खूश असतील!
हे मी सख्ख्या बहिणीलाही सांगितलेलं नाही, बाई म्हणाल्या. अजून कुणी कुणी वाचलंय? मी काकूंकडे पाहिलं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं नाही. डॉक्टरबाईंना सगळं सांगावं लागलं.

सोमवार, १० मार्च
जुनी कवळी लॅबच्या खोक्यात सापडली. डॉक्टरबाई सकाळी स्वतः देऊन आल्या. मला हुकूम: पत्रं टाकलेल्या सगळ्या पेशंटना फोन करायचा, खरं सांगायचं, माफी मागायची. नंबर काकू लावणार.
पहिला फोन शिक्षिकाबाईंना. अटी, सेटिंग्ज, कंपनी, सगळं समजावलं. माझ्या मते उत्तम समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, अटींचं राहू द्या. माझं पत्र तरी तुम्ही वाचलं होतंत का?
नाही, म्हणालो.
त्यांनी फोन ठेवला. काकूंनी पुढचा नंबर लावला.